आमच्या ह्यांना सांगा

...नाही, आधी तो माईक माझ्या तोंडासमोरून बाजूला करा, मग बोलतो. नाही म्हणजे नाही! प्रमोदराव, तुम्ही मंडळाचे सेक्रेटरी असाल तुमच्या घरी. गणपतीचा कार्यक्रम आहे म्हणून म्हाताऱ्या माणसाला असं दोन्ही बगलांत धरून स्टेजवर चढवायचं असतं का? म्हणे, काका, तो कंपनीतल्या भुताचा किस्सा सांगा. किस्सा! माझ्या घरचं झालं ते, आणि ह्यांना किस्सा! समोर बाया बसल्यात, पोरं बसलीत, मागे मसालेभाताला फोडणी पडलीय, आणि मी ह्या लोखंडी भोपळ्यात तोंड घालून बोलू? हसू नका. मला माईकची भीती नाही, मला माईकचा राग आहे. भीती मला दुसऱ्या गोष्टीची आहे, आणि ती कशाची, हे नरोलीपासून डोकमर्डीपर्यंत पोराटोरांना ठाऊक आहे, आणि कशामुळे ठाऊक झालं? माईकमुळे!

ठेवला बाजूला? बंद आहे ना? नक्की? हां.

तर तुम्हाला सांगतो, मी धुळ्याकडचा. सुकदेव बागूल. शाळा तिसरीत सुटली, सुटली म्हणजे मास्तरनेच सोडवली. नरोलीत धाग्याच्या कंपनीत पॅकिंगचा मुकादम. मशीनवरून धाग्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, उतरतात, ते आम्ही खोक्यात भरायचे, पट्टी मारायची, ट्रकमध्ये चढवायचे. कंपनीचं नाव घेत नाही, शेठ अजून जिवंत आहे. आणि आमची बायको त्याच कंपनीच्या कँटीनला. तिचंही नाव विचारू नका, चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. तिनेही माझं कधी घेतलं नाही. ती घरात मला 'अहो', बाहेर 'आमचे हे', मी तिला 'अगं'. एवढ्या दोन शब्दांवर संसार झाला, दोन पोरी उजवल्या, कुठे अडलं नाही.

आता कँटीन पटांगणाच्या त्या टोकाला आणि माझं पॅकिंग ह्या टोकाला, आणि मध्ये मशीनचं खातं, असं घोंघावतं की माणसाने कानात ओरडलं तरी नुसते ओठ हलताना दिसतात. चहा झाला की आमची बायको पटांगण ओलांडून यायची, पॅकिंगच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि बोंब ठोकायची, "चहा झालाऽऽ! उठा रे मेल्यांनो, निवला तर पुन्हा तापवणार नाही!" असा आवाज की पट्टी मारणाऱ्याचा हात हुकायचा. पण गुडघे गेले होते तिचे. एक दिवस तिने सारंगला धरलं.

सारंग म्हणजे पुण्याचा इंजिनियर. चांगला पोरगा, पण कुठलीही गोष्ट विचारा, आधी म्हणणार, "अगदी सोपं आहे." सगळी पोरं हिला मावशी म्हणायची. ही म्हणाली, माझे पाय दुखतात रे. हा म्हणाला, अगदी सोपं आहे! कँटीनच्या खिडकीला लागून ऑफिस, ऑफिसात एक कॉम्प्युटर. माझ्या पॅकिंगमध्ये एक, खोकी मोजायला. दोघांमध्ये काळी जाड वायर आधीच टाकलेली. ह्याने काय केलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरला माईक लावून तो खिडकीतून कँटीनच्या कट्ट्यावर ठेवला आणि माझ्या कॉम्प्युटरला दोन डबडी लावली, बोलणारी. म्हणाला, "मावशी तिकडे बोलतील, काका, आणि आवाज इकडे निघेल."

मी म्हटलं, वायरीतून आवाज जातो कसा? तर म्हणे, "काका, तुमच्याच धंद्यासारखं. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा खोक्यात भरायचा, खोक्यावर पत्ता टाकायचा, वायरीतून रवाना करायचं. इकडे खोकी उतरवायची, उघडायची, ओळीने लावून वाजवायची." पटलं मला! उभ्या जन्मात शिकलेल्या माणसाचं बोलणं पहिल्यांदा पटलं. म्हटलं, म्हणजे आवाजाचं पॅकिंग. म्हणे, "हो. फक्त थोडी खोकी जमली की मगच वाजवायला घेतो, म्हणजे मध्ये तुटत नाही. त्यामुळे जरा उशीर होतो."

जरा! पहिल्या दिवशी ही तिकडे ओरडली, आणि आवाज पोचला का बघू म्हणून पटापट पटांगण ओलांडून आली. दारात उभी. म्हणाली, "ऐकू आलं का?" आम्ही म्हटलं, नाही. आणि तेवढ्यात डबड्यातून हिचाच आवाज, "उठा रे मेल्यांनो!" अशी दचकली! पदर सावरून म्हणते काय, "ही कोण बाई? किती घाण ओरडते!" सगळं पॅकिंग हसलं. तेव्हापासून आमच्यात म्हणच पडली, ह्या वायरीचा कारभार उलटा. माणूस आधी, आवाज मागून.

इथपर्यंत बरं चाललं होतं. आता पुढचं ऐकताना हसायचं नाही. प्रमोदराव, तुम्ही आत्ताच हसताय!

एक दिवस ही चहाची हाक देऊन मोकळी झाली आणि माईकचं बटण बंद करायला विसरली. समोर कावेरी कांदा चिरत बसलेली, कँटीनचीच दुसरी बाई. आणि माझ्या पॅकिंगमध्ये, सगळी माणसं जागेवर असताना, डबडं बोलायला लागलं. "कावेरी, तुला म्हणून सांगते हं. आमचे हे पॅकिंगमध्ये वाघ, खरं की नाही? सगळे चळाचळा कापतात. आणि घरी? अंधार पडला की संडासला एकटे जात नाहीत गं बाई! भुताला भितात! चाळीचा संडास तो, मी बाहेर बॅटरी धरून उभी. आणि नुसतं उभं राहून चालत नाही, बोलत राहायचं. वांगी कशी दिली, आमच्या पोरीच्या, चंदाच्या सासूने काय केलं, काहीही बोलायचं. जरा श्वास घ्यायला थांबले की आतून हाक, आहेस का गंऽऽ? मी म्हणते, आहे, आहे, निवांत बसा!"

आईशपथ सांगतो, मशीनसुद्धा बंद पडल्यासारखी वाटली मला. नवनाथ, नंदुरबारचा पोरगा, माझ्यासमोर मान वर करायची हिंमत नव्हती त्याची, तो खोक्यात तोंड घालून हसत होता, खोकं हलत होतं! मी धावलो. पटांगणातून असा धावलो की चप्पल मागे राहिली, कँटीनमध्ये घुसलो आणि थेट हिच्या तोंडावर हात ठेवला. ती डोळे फाडून बघतेय. हात काढला तर म्हणते, "अहो, मी तर कधीची गप्प आहे, पोहे निवडतेय." आणि तिकडे पॅकिंगमध्ये ती बोलतेच आहे! मी इथे तिच्यासमोर उभा, आणि तिथे माझी लाज टोपल्या भरभरून उतरतेय! माणूस आधी, आवाज मागून! तुम्ही जगात कुठल्याही माणसाला अडवू शकता हो, पण निघालेल्या खोक्याला कसं अडवणार?

त्यानंतर माझी मुकादमी संपली. मी कोणावर डाफरलो की कोपऱ्यातून बारीक आवाज, "आहेस का गंऽऽ?" आणि दुसऱ्या कोपऱ्यातून, "आहे, आहे!" ट्रकचा ड्रायव्हर, वापीचा, नवा माणूस, तोसुद्धा गुजरातीत विचारतो, आहात की नाही, "काका, छो के नही?" शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, आता हा तरी माणसासारखा बोलेल. म्हणाला, "सुकदेवभाई, भूत थी बीक लागे छे?" म्हणजे, भुताची भीती वाटते?

मी घरी सांगितलं, माफी माग. ती म्हणाली, मागते. म्हटलं, अशी नाही. ज्या वायरीतून अब्रू गेली त्याच वायरीतून माफी आली पाहिजे, माईकवर, सगळ्या पॅकिंगने ऐकली पाहिजे. म्हणाली, "चारचौघांत? मी? खोटं काय बोलले मी?" झालं! अबोला. ती भाकरी वाढायची, ताट सरकवायची. मी जेवायचो, ताट सरकवायचो. कंपनीतून घरी येताना ती पुढे, मी मागे. आणि संडासला... तुम्हाला सांगतो, मी एकटा जायला लागलो, बॅटरी घेऊन, मोठमोठ्याने खोकत. माझ्या खोकण्याने चाळीतली कुत्री उठायची. पण दाराच्या फटीतून बघितलं तर ही आपली घराच्या उंबऱ्यात उभी. बोलायची नाही. नुसती उभी.

श्रावण लागला. दमट हवा, वायरीच्या जोडात पाणी, आवाज तुटायला लागला. "चहा झा... ठा रे मे..." असं. सारंग म्हणाला, अगदी सोपं आहे. कुठे तुटतं ते बघायला त्याने त्या दिवशी माझ्या पॅकिंगच्या कॉम्प्युटरमध्ये जेवढा आवाज पोचला तेवढा भरून ठेवला. चहा झाला, हाक आली, आम्ही प्यायलो. माझं डोकं पट्टीच्या मशीनमध्ये, ती अडकली होती, मी काही कान देऊन ऐकलं नाही.

त्या दिवशी मी आधी निघालो. तिला भांडी व्हायची होती. घरी येऊन बसलो, तोंड फुगवून, दाराकडे पाठ करून. म्हटलं, येऊ दे, बघू आज तरी बोलते का. ती आली नाही. कावेरीचा नवरा आला, सायकल अंगणात टाकून. कँटीनच्या पायरीवर बसली म्हणे, छातीत दाटलं म्हणाली, रिक्षात घालून सिल्वासाच्या दवाखान्यात नेली. मी पोचलो तेव्हा चादर ओढलेली होती.

...पाणी द्या जरा.

गावी नेली. तेरावं आटोपून आलो, कामावर हजर. पॅकिंगमध्ये सगळे खाली माना घालून. कोणी 'आहेस का गं' म्हणेना. तुम्हाला सांगतो, मला वाटलं कोणीतरी म्हणा रे, शिव्या तरी देता येतील. आणि चहाची वेळ झाली, आणि डबड्यात खरखर झाली, आणि...

"चहा झालाऽऽ! उठा रे मेल्यांनो, निवला तर पुन्हा तापवणार नाही!"

अहो, मेलेली बाई जिवंत माणसांना मेल्यांनो म्हणते! काय पळापळ! एक जण खोक्यांच्या थप्पीवर चढला, एक जण टेबलाखाली, सुरंगी गावचे दोन वारली गडी होते ते भिंतीवरून उडी मारून शेतात, आणि नवनाथ, जो मला भित्रा म्हणायचा तो नवनाथ, माझ्या कमरेला मिठी मारून, "काका, काका, मी काही नाही केलं!" आणि मी? भुताला भिणारा मी? मी जागचा हललो नाही. मी उभा. कारण तेवढ्यात डबडं पुढे बोललं, हळू, रोजच्या आवाजात.

"...आणि आमच्या ह्यांना सांगा..."

आणि खर्रर्र. संपलं.

सारंग धावत आला, पांढराफटक. त्याचं झालं असं, कावेरी लाजाळू, तिला हाक मारता येईना, माणसं चहाला उशिरा येऊ लागली, शेठ ओरडला. ह्याने म्हटलं, अगदी सोपं आहे, मावशींचा आवाज आहेच भरलेला. लावला वेळेला. मी आज येणार, हे ह्याच्या ध्यानातच नाही! आणि भरलेला कोणत्या दिवसाचा? त्याच. शेवटच्या. "काका, चुकलं, आत्ता पुसतो." मी त्याचा हात धरला. म्हटलं, हात लावशील तर ह्याच पट्टीने बांधून ट्रकमध्ये घालीन. पुढचं लाव. काय सांगा? ह्यांना काय सांगा?

म्हणाला, "पुढचं नाही काका. पोचलं तेवढंच आहे. बाकीची खोकी वाटेत गळाली."

गळाली! मी पॅकिंगचा माणूस. भिलाडच्या नाक्यावर ट्रक अडकला, पुरात उलटला, तरी माल कुठेतरी असतोच ना? ओला असेल, फाटका असेल, पण असतो! म्हटलं, माझ्या खात्यातून आजवर एक खोकं हरवलं नाही, आणि तू माझ्या बायकोचं बोलणं हरवलंस? कुठल्या गोदामात पडलंय ते सांग, मी जाऊन उतरवतो. तो म्हणाला, "काका, गोदाम नसतं. आलं तर वाजतं, नाही आलं तर... नसतंच ते." असं कसं नसतं हो? तिने तोंडाने बोललं, माईकने घेतलं, वायरीत घातलं. माणूस आधी, आवाज मागून, हे ह्यांनीच शिकवलं मला! मग माणूस पोचला नाही म्हणून आवाजाने पोचू नये असं कुठे आहे?

शेठने नारळ फोडला, पॅकिंगच्या चार कोपऱ्यांत लिंबू टांगलं. पण चहा गरम होता, आणि भूत वेळेवर हाक मारतं म्हटल्यावर माणसं दोन आठवड्यांत सरावली. डबडं खरखरलं की चपला शोधायचे. "चला रे, मावशी आली." फक्त मी बसून राहायचो, चहाला सगळ्यांच्या शेवटी जायचो. रोज तेच. आणि आमच्या ह्यांना सांगा. खर्रर्र. रोज सगळे जाताना माझ्याकडे बघायचे. नवनाथ एकदा म्हणाला, "काका, काय सांगायचं असेल हो?" मी म्हटलं, माफी. दुसरं काय? माईकवर, चारचौघांत, मी म्हटलं होतं तशी. मागितली तिने. तुमच्या ह्या वायरीने खाल्ली.

मग मी वायर धरली. हातात धरून निघालो, पॅकिंगपासून. भिंतीवरून, पत्र्यावरून, मशीनच्या खात्यामागून. सगळं मशीन खातं बघतंय, मुकादम वायर चाचपत चाललाय, जसा आंधळा दोर धरून चालतो. कंपनीच्या संडासामागे, हो, संडासामागेच, हसा, तिथे जोड होता, काळी पट्टी गुंडाळलेली, शेवाळलेली. मी कान लावला. तुम्हाला खोटं वाटेल. मी वायरीला कान लावून, हळूच, कोणी ऐकू नये असं विचारलं, "आहेस का गं?"

मागून सारंग आला होता. त्याने ऐकलं. हसला नाही. शेजारी उकिडवा बसला, चिखलात, पुण्याची पँट घालून. मग म्हणाला, "काका... पण कावेरीताई तिथेच होत्या ना?"

अहो! सगळी कंपनी, एक इंजिनियर, एक शेठ, चार लिंबं, आणि ती बाई रोज माझ्यासमोर चहा ठेवतेय! कोणाच्या डोक्यात आलं नाही! मी तिच्याशी बोलतच नव्हतो, त्या दिवशी ती कांदा चिरताना हसली होती म्हणून. गेलो कँटीनमध्ये. म्हटलं, कावेरी, ही शेवटी काय म्हणाली? ती पातेलं घासत होती. म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही, काका. आणि तुम्ही तर तोंड फिरवून बसता." म्हटलं, आता विचारतोय. तिने हात पुसले, डोळे पुसले, आणि हुबेहूब हिच्यासारखी कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"आमच्या ह्यांना सांगा, माफी संध्याकाळी घरी मागते. इथे नाही. इथे मागितली तर उद्यापासून सगळ्यांचे नवरे माईकवरच माफी हवी म्हणायला लागतील."

बस.

हे बोलताना कावेरीने माझ्याकडे बघितलं नाही. खरं सांगितलं की म्हाताऱ्याची समजूत घातली, देव जाणे. पण शब्द तिचेच. नवऱ्यांचं ते दुसऱ्या कोणाला सुचायचं नाही.

तर ती संध्याकाळ अजून व्हायची आहे माझी. मी घरी येतो, दाराकडे तोंड करून बसतो आता. अंधार पडला की बॅटरी घेतो, संडासला जातो, खोकत नाही. आतून हाक मारतो, सवयच ती. कोणी बोलत नाही. मी थांबतो. चाळीतली माणसं बाहेर बादली वाजवतात, काका, झालं का? मी म्हणतो, थांबा रे, आवाज मागून येतो. भीती? भीती गेली हो माझी. इतकी वाट बघायला लागल्यावर भुताला कोण भिणार? उलट तेच येत नाही.

सारंग पुण्याला गेला, जाताना पाया पडला, माफी मागून गेला. नवीन साहेबाने डबडी काढून भोंगा लावला. शेठनेही मागितली, गुजरातीत, पण मागितली. नवनाथने तर पेढे आणून मागितली. ह्या प्रमोदरावांचीही घेईन मी खाली उतरल्यावर. सगळ्यांची पोचली. एकाच माणसाची राहिली.

आणा तो माईक इकडे. हो, हो, लावा. बटण चालू करा. मोठा आवाज ठेवा, मागून पोचायचाय, लांब जायचाय. रीत गेली खड्ड्यात, चारचौघांत नाव घेतो. माझी माफी जिच्याकडे राहिली आहे, ती...

सरूबाई सुकदेव बागूल.